कोरड्या माणसाचं लिव्हर

"रोज किती घेता?"

सोनोग्राफीच्या डॉक्टरने हा प्रश्न त्याच्या तोंडाकडे बघून विचारला नाही, लिव्हरकडे बघून विचारला. लिव्हर समोरच्या पडद्यावर होतं, करड्या रंगाचं आणि धुरकट. तो स्वतः शर्ट गळ्यापर्यंत वर करून, पोटावर थंडगार जेल घेऊन उताणा पडला होता. त्या अवस्थेत माणसाला बाणेदार उत्तर देता येत नाही.

"काय किती घेतो?"

"ड्रिंक्स हो."

"घेत नाही."

"म्हणजे आता बंद केलीत. पूर्वी?"

"पूर्वीही नाही."

"श्वास रोखा," डॉक्टर म्हणाला आणि त्याने ते यंत्र बरगडीखाली असं खुपसलं, की आत कुठे बाटली लपवली असेल तर सापडावी. "सोडा श्वास. बरं, बियर?"

"बियरही नाही."

"बियर लोक मोजत नाहीत ना, म्हणून विचारलं."

शेवटी डॉक्टरने 'फॅटी लिव्हर, सूज' असं काहीतरी पलीकडच्या मुलीला टाइप करायला सांगितलं आणि जाता जाता मोठ्या मनाने त्याचा खांदा थोपटला. "वेळ गेलेली नाही. कमी करा."

शून्यातून किती कमी करायचं, हे काही त्याने सांगितलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हातात जेल पुसायचा कागद होता आणि जेल निघत नव्हतं. संशयासारखंच चिकट होतं ते.

तो सिटी बसचा ड्रायव्हर. डेपोत त्याला 'कोरडे' म्हणत. आडनाव म्हणून नव्हे, गुण म्हणून. निवृत्तीच्या, बढतीच्या, अगदी कुणाचं सस्पेन्शन मागे घेतल्याच्या पार्टीतूनही तो जसा जायचा तसा कोरडा परत यायचा, आणि येताना ओल्या झालेल्या तिघा-चौघांना त्यांच्या त्यांच्या दारात पोचवून यायचा. त्यामागे काही तत्त्व नव्हतं. काहींना रॉकेलचा वास सहन होत नाही, तसा त्याला तो वास सहन व्हायचा नाही, एवढंच. त्याने दारू सोडलेली नव्हती, धरलीच नव्हती. या दोन गोष्टींत फरक आहे असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

भानगड सुरू झाली ती पोटरीपासून. गेले काही महिने पायात पेटके यायचे, डावी पापणी आपली आपण फडफडायची, आणि सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवला की बोटांना बारीक कंप सुटायचा, इंजिन चालू व्हायच्या आधीच. वय झालं, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं. मग एके दिवशी बाजाराच्या थांब्यावर गाडी लावताना नेमका उजव्या पोटरीत असा गोळा आला की ब्रेकवरचा पाय पाय राहिला नाही, लाकूड झाला. गाडी थांब्याच्या पुढे गेली आणि डावा आरसा खांबाला घासला. कुणाला खरचटलंही नाही. पण एका आजीबाईंच्या पिशवीतली अंडी फुटली आणि अंड्यांची तक्रार आली.

चौकशीला डेपो मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. बशीतला कप खडखडू लागला. साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि मग सौजन्य म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

"यंत्रात फुंकता का जरा?"

दारूचा वास पकडणाऱ्या त्या यंत्रात सगळेच ड्रायव्हर रोज सकाळी गेटवर फुंकत. त्याने फुंकलं. यंत्राने शून्य दाखवलं. साहेबांनी दुसरं यंत्र मागवलं. त्यानेही शून्य दाखवलं. तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलले आणि समजूतदार आवाजात म्हणाले, "मुरलेल्या माणसाचं यात येत नाही म्हणतात."

झालं. कानफाट्या नाव पडायला एवढं पुरतं. हाताला कंप होता, साहेबांनी करायला लावलेल्या सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं निघालं, आणि यंत्राला सापडत नाही म्हणजे इसम पक्का मुरलेला. साहेबांनी त्याचं स्टिअरिंग काढून घेतलं आणि तब्येत सुधारेपर्यंत हलकं काम दिलं: गेटवर उभं राहून इतर ड्रायव्हरांना यंत्रात फुंकायला लावायचं. कधी घोटभरही न घेतलेला माणूस, पिण्याच्या संशयावरून, इतरांचं पिणं तपासायला. या नेमणुकीत काही विनोद आहे हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही. ड्रायव्हरांच्या मात्र पहिल्याच सकाळी आलं.

"कोरडे, यंत्र जरा लांब धरा. तुमचाच वास जायचा आत."

"तुम्ही आधी फुंका, मग आम्ही. गुरूचा मान पहिला."

तो नुसतं यंत्र पुढे करायचा. यंत्र त्याच्या हातात थरथरायचं आणि फुंकणाऱ्याला तोंड त्याच्यामागे फिरवावं लागायचं, त्यावर आणखी हसायचे.

सगळ्यांत जास्त त्रास दिला तो टाकीने. टाकी म्हणजे त्याचा जुना दोस्त, शेजारच्या मार्गावरचा ड्रायव्हर. संध्याकाळी ड्यूटी संपली की काठोकाठ भरून घ्यायचा, म्हणून टाकी. सकाळपर्यंत रिकामी व्हायची. लिव्हर तपासून घ्या अशी टूम साहेबांनी काढली तेव्हा टाकीनेही तपासून घेतलं होतं. ठणठणीत. नवीन घंटेसारखं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे त्याने ऐकलं होतं, पण इथे चोर स्वतः संन्याशाचं सांत्वन करायला येत होता.

"कोरड्या, मला तरी सांगायचंस," टाकी आवाज खाली आणून म्हणाला. "मी काय बाहेर बोललो असतो?"

"काय सांगायचं?"

"एकट्याने प्यायची नसते रे. एकट्याने घेतली की सगळी लिव्हरवर जाते. चौघांत बसून घेतली की विभागून जाते."

"टाक्या, मी पीत नाही. तुला माहितेय मी पीत नाही. किती वर्षं तुला उचलून घरी नेलाय मी."

"तेच तर," टाकी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "किती सांभाळलंस आम्हाला. आणि स्वतः घरी जाऊन... एकटाच..."

टाकीच्या कानफटात मारायला त्याचा हात उचलला गेला. पण हात वर जाताना असा हलला की टाकीने तो प्रेमाने आपल्या दोन्ही हातांत धरला.

घरी वेगळी तऱ्हा होती. बायको लाँड्रीत रफूचं काम करायची. कुणाचा कुठला डाग कशाचा आहे हे ओळखण्यात तिचा हातखंडा होता. ती काहीच बोलत नव्हती, आणि बोलत नव्हती हेच बोलणं होतं. एका सकाळी तो आंघोळ करून स्वयंपाकघरात आला तर ती त्याची पाण्याची बाटली नाकाला लावून उभी होती.

"काय करतेस?"

"काही नाही. प्लास्टिकचा वास लागतो या बाटल्यांना."

"लागलाय?"

"नाही."

त्या 'नाही'मध्ये हायसं वाटणं कमी आणि गोंधळ जास्त होता. तिने बाटली भरून, झाकण घट्ट लावून त्याच्यासमोर ठेवली. तो उभा राहिला. तिने आता काहीतरी म्हणावं म्हणून तो उभा राहिला. ती कणीक मळायला लागली.

मग लांब दिलेल्या मुलीचा फोन आला. "बाबा, लाज वाटून घेऊ नका. हा आजार आहे, आजार. आम्ही सगळे आहोत." त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेरच्या कठड्याला धरून उभा राहिला. मेहुणा आला तो हिरव्या रंगाची बाटली घेऊन. लिव्हर टॉनिक. मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळायचं, आणि ते त्याला फोनवर यायचं.

"भावोजी, हे जेवणाआधी दोन चमचे. लिव्हर धुऊन निघतं."

"माझं लिव्हर काय बनियन आहे?"

"चिडू नका. चिडचिड हेसुद्धा एक लक्षण असतं. अंगातून निघत असते ना ती."

"काय निघत असते?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जमिनीकडे पाहिलं. तो बायकोला म्हणाला, "अगं, तू सांग ना ह्याला. इतकी वर्षं संसार केलास. कधी पाहिलंस मला?"

"मी घरातलं सांगू शकते," ती हळूच म्हणाली. "बाहेरचं कसं सांगू?"

तिच्या दृष्टीने ते प्रामाणिक उत्तर होतं. रफू करणारी बाई भोक झाकते, भोक पडलंच नव्हतं असं म्हणत नाही. पण त्याने ती हिरवी बाटली उचलली आणि मोरीत पालथी केली. ओतताना निम्मी बाहेर सांडली, हातामुळे, आणि फरशीवर हिरवा डाग पडला. मेहुणा म्हणाला, "बघितलंस ना हात?"

मोठ्या हॉस्पिटलात बायकोच त्याला घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण पन्नाशीची होती, चष्मा कपाळावर ढकललेला, समोरचा चहा गार झालेला. तिने जीभ पाहिली, पोट दाबलं, त्याला दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि बोटांकडे जरा वेळ पाहिलं. मग तिने विचारलं, "दारू?"

तो फुटला.

"नाही. नाही म्हणजे नाही. बियर नाही, वाइन नाही, लग्नात नाही, चोरून नाही. शपथ घेऊ? कुणाची घेऊ सांगा. दोन यंत्रांत फुंकलंय मी. तिसरं असेल तर आणा. माझी बायको माझी बाटली हुंगते. माझी मुलगी मला आजार समजावते. जन्मभर मी पिणाऱ्यांना खांद्यावरून घरी नेलं, त्यांची लिव्हरं ठणठणीत, आणि माझं..."

"बरं. नाही घेत," डॉक्टरीण म्हणाली. "मग दुसरं काय घेता?"

"घेत नाही म्हटलं ना."

"अहो, मान्य केलं मी. पुढचं विचारतेय."

विश्वास ठेवला गेल्यावर काय करायचं असतं हे तो इतका विसरला होता, की आणखी दोन-तीन वाक्यं तो तसाच भांडत राहिला. मग थांबला.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"औषध एकही नाही."

"ती सकाळची गोळी," बायको म्हणाली.

"ती कुठे औषध आहे? ती ॲसिडिटीची."

डॉक्टरिणीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "किती दिवस घेताय?"

"दिवस कसले. कित्येक वर्षं झाली. सगळेच घेतात. काउंटरवर असते."

काउंटरवर असते म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं. बस ड्रायव्हरला दोन आजार ठरलेले: पाठ आणि ॲसिडिटी. फेरी वेळेत न्यायची तर जेवायला वेळ उरत नाही आणि जेवायला थांबलं तर फेरी वेळेत जात नाही. तेव्हा ड्रायव्हर लोक सिग्नलला बिस्किटं खातात, शेवटच्या थांब्यावर पाव कोंबतात, आणि वरून चहा ओततात. मागे युनियनने मागणी केली होती की जेवणाची सुट्टी वाढवा. बोलणी झाली, घोषणा झाल्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंचा मान राखणारा तोडगा निघाला. सुट्टी होती तेवढीच राहिली, पण चहाच्या काउंटरवर साखरेच्या बरणीशेजारी ॲसिडिटीच्या कॅप्सूलची मोठी बरणी आली. साहेबांनी तिला कल्याणकारी योजना म्हटलं, युनियनने विजय म्हटलं. पहिल्या चहाआधी एक, असा रिवाज पडला. 'गोळी घेतली का?' हे डेपोतलं राम राम झालं. अंगात जास्तच जळजळलं तर दुपारी दुसरी. बरणीला झाकण नव्हतं, कारण लावायला वेळच मिळायचा नाही.

डॉक्टरिणीने रक्त घ्यायला लावलं आणि नेहमीच्या तपासण्यांत नसलेली एक तपासणी मुद्दाम करायला सांगितली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मॅग्नेशियम. फार खाली गेलंय तुमचं."

"ते काय असतं?" बायकोने विचारलं.

"क्षार आहे, मिठासारखा. शरीराला थोडाच लागतो, पण लागतो सगळीकडे. स्नायू आकसला की त्याला सैल व्हायला लागतो. कमी पडला की पेटके, कंप, पापणी फडफडणं. तुमचं हे थरथरणं त्यातलं दिसतंय. ही कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतली की काही लोकांच्या आतड्यांतून मॅग्नेशियम नीट शोषलंच जात नाही. त्यात खाणं हे असं, पाव, बिस्किट, चहा. पालेभाजी नाही, डाळी नाहीत, शेंगदाणे नाहीत. येणार कुठून?"

"आणि लिव्हर?" त्याने विचारलं. 

"लिव्हरवर चरबी बसायला दारूच लागते असं कुणी सांगितलं? दिवसभर बसून काम, मैदा, साखर, वाढलेलं पोट, एवढ्यावर बसते. मग तिथे सूज येते. आता ती सूज आटोक्यात ठेवायला, साखर न् चरबी मार्गी लावायला शरीराला मॅग्नेशियम लागतं. ते कमी असलं की सूज भडकायला मोकळी. आणि लिव्हर बिघडलं की मॅग्नेशियम आणखी गळतं. आधी कोण आणि नंतर कोण, हे मी तुम्हाला छातीठोक नाही सांगू शकत. पण दोघं एकमेकांना खाली ओढतात एवढं खरं."

"म्हणजे मॅग्नेशियम भरलं की लिव्हर बरं?"

"असं मी म्हणणार नाही. हात थांबतील. लिव्हरला वेळ लागेल, चालावं लागेल, वेळेवर जेवावं लागेल. आणि ती गोळी मी हळूहळू बंद करून देते, एकदम नका सोडू. गोळी वाईट नाही हो. ज्याला हवी त्याला, हवी तेवढे दिवस. बरणीतून नाही."

बाहेर पडताना त्याला वाटलं, बायको आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "पालेभाजी घेऊन जाऊ." हेही काही कमी नव्हतं, असं त्याने मनाशी ठरवलं.

औषध लागू पडलं. आधी पापणी थांबली, मग पेटके गेले. मग एका सकाळी गेटवर यंत्र पुढे केलं आणि ते हवेत दगडासारखं स्थिर राहिलं. फुंकणाऱ्याने तोंड जवळ आणलं, थबकला, यंत्राकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

"अरे वा, कोरडे. सोडलीत?"

त्याला आधी कळलंच नाही. दुपारपर्यंत कळलं. ज्याने त्याने येऊन पाठ थोपटली. हात थांबले म्हणजे सोडली, आणि सोडली म्हणजे पीत होता. इतके दिवस निदान शंका तरी होती; त्याच्या बऱ्या होण्याने पुरावा हातात आला. आजारी होता तेव्हा तो संशयित होता, बरा झाला आणि गुन्हा शाबीत झाला. तो मॅग्नेशियम म्हणाला की लोक मान डोलवायचे, जशी आपण लहान मुलाच्या अदृश्य मित्राला डोलवतो. टाकीने तर मिठी मारली. "तू सोडू शकतोस तर मीही सोडेन एक दिवस," म्हणाला, आणि संध्याकाळी त्या आनंदात भरून आला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी कप खडखडला नाही.

"तुमचं स्टिअरिंग तुम्हाला परत द्यायचंय मला," साहेब म्हणाले. "सोमवारपासून. तुमचीच गाडी, तुमचाच मार्ग."

 त्या गाडीचं दुसऱ्या गिअरला अडकणं, क्लचचा आवाज, वळणावर डाव्या बाजूने येणारं ऊन, या सगळ्याची त्याला एखाद्या माणसासारखी आठवण येत होती.

"फक्त शनिवारी आपला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. वरून लोक येतायत. दरवर्षी भाषणं होतात, पण सोडलेला माणूस काही मिळत नाही आपल्याला. तुम्ही दोन शब्द बोला. 'मी सोडली, तुम्हीही सोडा.' बस. घरच्यांना आणा."

"साहेब, मी पीतच नव्हतो. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तुम्हाला. ती बरणी..."

"चिठ्ठी आहे ना फायलीत. कोण नाही म्हणतंय?" साहेब हसले. "अहो, झालं ते झालं. आम्ही काही काढतोय का मागचं?"

"आणि ती बरणी उचला काउंटरवरून. निदान झाकण लावा."

"ती योजना आहे. ती माझ्या हातात नाही. स्टिअरिंग माझ्या हातात आहे."

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणून टाका ना," ती म्हणाली. "एक वाक्य. जीभ काय झिजणारे? गाडी मिळतेय परत."

"खोटं बोलू?"

"खोटं काय त्यात? गोळी सोडलीतच ना. मनात गोळी म्हणा."

ही युक्ती वाईट नव्हती. शुक्रवारभर त्याने ती मनात घोळवली. गेटवर यंत्र धरता धरता तो पुटपुटून पाहत होता: मी सोडली. दोनच शब्द. दरवेळी पहिल्या शब्दावरच थांबायचा.

शनिवारी वर्कशॉपमध्ये गाड्या बाजूला काढून खुर्च्या मांडल्या होत्या. मागे तेलाचा वास, पुढे फुलांचा. बायको चांगली साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. वरून आलेल्या एका तज्ज्ञाने भाषण केलं, मग साहेबांनी, आणि मग त्याला माइकपाशी उभं केलं. समोर सगळा डेपो बसला होता. त्यातले निम्मे संध्याकाळची वाट बघत होते.

"मी सोडली," तो म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. टाकी उभा राहूनच वाजवत होता. साहेबांनी समाधानाने पुष्पगुच्छ उचलला. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला, आणि तेवढ्यात त्याला बायकोचा चेहरा दिसला. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. शेवटी कबूल केलं एकदाचं, असा.

"गोळी," तो म्हणाला. "मी गोळी सोडली. ॲसिडिटीची. ती तिकडे काउंटरवर आहे, साखरेशेजारी, तुम्ही सगळ्यांनी आज सकाळी खाल्लीय. दारू मी कधी धरलीच नाही, तर सोडू कुठून? जेवायला वेळ मागितला होता आपण. यांनी गोळी दिली. ती खाऊन खाऊन माझ्या अंगातलं मॅग्नेशियम संपलं, हात हलायला लागले, लिव्हर आधीच सुजलं होतं ते आणखी सुजलं. आणि मग विचारता, रोज किती घेता? तुम्हीच देत होतात ना? तुम्हाला माहीत नाही किती?"

आवाज चढला होता. माइक शिट्टी मारायला लागला. कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही. मग मागच्या कुणीतरी टाळी वाजवली, आणि अशा कार्यक्रमात टाळीला टाळी लागतेच, तशा सगळ्यांनी वाजवल्या. जशा आधी वाजवल्या होत्या, अगदी तशाच.

साहेबांनी हळूच त्याच्या हातातून माइक घेतला. "एवढं बोलायलाही धैर्य लागतं," ते म्हणाले. "आपल्याला तज्ज्ञांनी मघाशी सांगितलंच, नाकारणं हा पहिला टप्पा असतो. आपण सगळे यांच्या पाठीशी आहोत. आपण घाई करणार नाही. अजून काही महिने ते गेटवरच राहतील, आपल्या नजरेसमोर." तज्ज्ञांनी मान हलवली. पुष्पगुच्छ दुसऱ्या कुणाला द्यायचा यावर थोडी कुजबुज झाली आणि शेवटी तो तज्ज्ञांनाच दिला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी. बस भरलेली नव्हती. ती म्हणाली, "एकच वाक्य होतं."

त्याचे हात मांडीवर होते, शांत.

"तुमच्या बाजूनेच बोलतेय मी," ती म्हणाली. दोन थांबे गेले. "एक विचारू? चिडणार नसाल तर."

"विचार."

"खरंच कधी नाही?" तिचा आवाज मऊ होता, भांडणाचा नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं होतं तिला. "म्हणजे लग्नाआधीसुद्धा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हात वर करून बेल दाबली.

"आपला थांबा लांब आहे अजून."

बस थांबली. तो उतरला. ती पदर सावरून उठेपर्यंत दार बंद झालं होतं, आणि ड्रायव्हरला फेरी वेळेत न्यायची होती. खिडकीतून तिचे ओठ हलताना दिसले, मग बस वळली.

फुटपाथ खोदून ठेवला होता म्हणून तो रस्त्याच्या कडेने निघाला. कडेला नुकताच रंगवलेला पांढरा पट्टा होता, हातभरही रुंद नसेल. प्यायलेला माणूस ओळखायला सरळ रेषेवरून चालवतात, तसा तो त्या पट्ट्यावरून चालू लागला. टाचेपुढे अंगठा, अंगठ्यापुढे टाच, दोन्ही हात सैल सोडलेले, नजर समोर. शेजारून गाड्या जात होत्या, त्यांतल्या कुणाचं लक्ष नव्हतं. पट्टा घरापर्यंत जात नव्हता. पण जिथवर गेला तिथवर त्याचं पाऊल एकदाही बाहेर पडलं नाही.